मृगाच्या आधी: झाडू नका, पुसा

मृग लागायला आता थोडेच दिवस उरलेत. पहिला दणक्याचा पाऊस झाला की गॅरेजपुढची काळी जमीन, बॅटरीच्या दुकानामागचा करडा पट्टा, भंगाराच्या वखारीतली माती असं सगळं धुऊन निघतं आणि गटाराला लागतं. गटारातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. कोल्हापुरात तो ओढा म्हणजे जयंती नाला आणि नदी म्हणजे पंचगंगा. तुमच्या गावात नावं वेगळी असतील, उतार तोच. म्हणून हे आवाहन पाऊस यायच्या आत करतोय. गॅरेजवाले, बॅटरीवाले, भंगारवाले, रसवंतीवाले, गिरणीवाले आणि या सगळ्यांचे कपडे घरी धुणारी माणसं, सगळ्यांनी ते वाचावं. वाचायला वेळ नसेल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी एकानं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

विनंती एका वाक्यात सांगायची तर, काळ्या डागाला जेवढं भिता त्याहून जास्त करड्या धुळीला भ्या. ग्रीस आणि शिसं या दोन वस्तू उद्यमनगरातल्या गाळ्यागाळ्यात शेजारी नांदतात. त्यातल्या एकीची आपल्याला किळस आहे, दुसरीशी आपण घरोबा केलाय. हा हिशेब पार उलटा आहे आणि त्याची किंमत गाळ्यातला माणूस मोजतो त्यापेक्षा त्याच्या घरातली लहान पोरं जास्त मोजतात.

आधी ग्रीसची बाजू घेतो, कारण ते फुकट बदनाम झालंय. डब्यातल्या ग्रीसमध्ये शंभरात पंचाहत्तर ते नव्वद भाग तेलच असतं, बहुधा खनिज तेल. उरलेल्यात मुख्यतः साबण आणि थोडीफार जास्तीची रसायनं. स्पंजानं पाणी धरावं तसा तो साबण तेलाला धरून बसतो आणि बेअरिंग फिरायला लागलं की लागेल तेवढं सोडतो. जुन्या पद्धतीच्या ग्रीसमधला साबण चुन्यापासूनचा, म्हणजे कॅल्शियमचा. तो पाण्याला दाद देत नाही, पण हब उकळत्या पाण्याइतका तापला की ग्रीस पातळ होऊन गळायला लागतं. हल्ली चाकाच्या बेअरिंगला बहुतेक ठिकाणी लिथियमचं ग्रीस भरतात. ते १८० अंशांच्या आसपासपर्यंत दम धरतं. त्या लिथियमच्या साबणातलं आम्ल येतं एरंडेलापासून. आजोबा बैलगाडीच्या कण्याला एरंडेल घालत होते, नातू ट्रकच्या हबमध्ये त्याच बियांचं वंगण भरतोय. आणि लिथियम हा तर सगळ्या धातूंत हलका धातू. तेव्हा ‘ग्रीसमध्ये धातू असतो, विषारी असतं’ असं कुणी सांगितलं तर लगेच बिचकू नका. लाल, निळा, हिरवा हा रंगही कंपनीनं ओळखीसाठी घातलेला. त्यावरून चांगलं-वाईट काही ठरत नाही.

ताज्या ग्रीसनं कातडीला त्रास होतो, तो खाज, पुरळ, केसांच्या मुळाशी येणारे फोड अशा स्वरूपाचा. साबणानं धुतलं की जातं. जमिनीवर सांडलं तर तिथं बरीच वर्षं राहतं, पण जंतू आणि ऊन मिळून त्याचा हळूहळू का होईना फडशा पाडतात. पाण्यात गेलं तर वर तरंगतं, तवंग धरतं, खालच्या माशांचा श्वास कोंडतो. वाईटच आहे ते. पण ते दिसतं, आणि दिसतं म्हणून कुणीतरी ओरडतं.

ग्रीसचा एक धोका मात्र असा आहे की तो दिसत नाही आणि त्याला कुणी ओरडतही नाही. तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. दाबाची ग्रीस गन निप्पलवर नीट बसली नाही, किंवा नळीला बारीक भोक पडलं, की ग्रीसची सुईसारखी धार बोटात घुसते. जखम मुंगी चावल्याएवढी. दुखतही नाही फार. पोरगं चिंधी गुंडाळतं आणि कामाला लागतं. आत मात्र ग्रीस बोटाच्या म्यानातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं आणि रात्रीतून हात सुजून काळानिळा होतो. अशा वेळी बोट कापावं लागण्याची पाळी येते, तीही कमी वेळा नाही. गनची धार बोटात गेली की त्याच तासाला इस्पितळ गाठायचं आणि ‘दाबानं ग्रीस आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. भोक केवढं आहे ते बघत बसायचं नाही.

आता शिसं. पाण्याच्या अकरापट जड, म्हणजे ग्रीस जिथं तरंगतं तिथं हे तळाशी बसतं. ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरच्या कढईतसुद्धा. मऊ, स्वस्त, गंजून संपत नाही, पाहिजे त्या साच्यात ओतता येतं. या गुणांमुळेच ते आपल्या हाताखाली इतकं रुळलं. त्याचा दुर्गुण असा की ते मूलद्रव्य आहे. तेल जाळलं तर त्याचा धूर आणि वाफ होते, तेल उरत नाही. शिसं जाळलं तर ते धुरात आणि राखेत शिसं म्हणूनच राहतं. जंतू त्याला खात नाहीत, ऊन त्याला मोडत नाही. जमिनीत मिसळलं की तुम्ही ते तिथून हलवू शकता, नाहीसं करू शकत नाही.

शरीरात गेलं की ते रक्तात महिना-दीड महिना फिरतं आणि मग कॅल्शियमची जागा घेत हाडात जाऊन बसतं. तिथून निघायला दहा, वीस, तीस वर्षं लागतात. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडातलं कॅल्शियम सुटतं आणि त्याच्या सोबतीनं लहानपणी साठलेलं शिसंही सुटून बाळापर्यंत पोचतं. एकाच घासातून मोठ्या माणसाच्या अंगी जेवढं शिसं लागतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगी लागतं. त्यात पोर अशक्त असेल, रक्तात लोह कमी असेल, पोट रिकामं असेल, तर आणखी जास्त. मोठ्या माणसाला निदान पोटात कळा येतात, शौचाला खडा होतो, डोकं दुखतं, फार झालं तर मनगट लुळं पडतं. मुलाला बहुतेक वेळा यातलं काही ठळक होत नाही. ते नुसतं मागं पडतं. पाढे राहत नाहीत, एका जागी बसवत नाही, चिडतं. शाळेत त्याला ‘ढ’ म्हणतात आणि घरी ते मार खातं. शिशाची अमुक एक मात्रा चालते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडलेली नाही.

हे शिसं तोंडात जातं कसं, ते बॅटरीच्या कोणत्याही छोट्या दुकानात उभं राहून बघा. समोरच्या माणसाचे हात काळे नाहीत. बोटांच्या पेरांना आणि नखांच्या कडेला पेन्सिल घासल्यासारखी एक फिकी चकाकी तेवढी आहे. प्लेटा हाताळून झाल्यावर तो हात पँटीला पुसतो, खिशातून पुडी काढतो, डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखानं चुना लावतो आणि उजव्या अंगठ्यानं चांगलं मळतो. वरून दोन थापट्या मारून भुकटी उडवतो आणि राहिलेलं ओठाखाली धरतो. तळव्याच्या रेषांत बसलेली सगळी धूळ त्या मळण्यात तंबाखूला लागली आणि तंबाखूबरोबर तासभर तोंडात राहिली. शेजारच्या गॅरेजातला फिटर मात्र वडापाव खाण्याआधी हात स्वच्छ घासून आला होता, कारण त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याची त्यालाच घाण वाटली. त्या काळ्या रंगानं त्याला वाचवलं.

पण गॅरेजवाल्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ग्रीस आणि धातू एकत्र येतात ते वापरानंतर. डब्यातलं ग्रीस पिवळं किंवा लाल असतं. हबमधून निघतं ते काळं. तो काळेपणा म्हणजे धूळ, जळलेलं तेल आणि झिजलेल्या भागांची भुकटी. बेअरिंग पोलादाचं असेल तर त्यात लोखंड. बुश गनमेटलचा असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या फाउंड्र्यांत सर्रास ओतलं जाणारं एक गनमेटल म्हणजे ८५ भाग तांबं, ५ भाग कथील, ५ भाग जस्त आणि ५ भाग शिसं. बेअरिंगसाठी शिसं याहून जास्तही घालतात, कारण ते स्वतःच वंगणासारखं वागतं. बुश झिजतो म्हणजे ते शिसं कुठं जातं? त्याच काळ्या ग्रीसमध्ये. काही वंगणांत तर ते मुद्दाम घातलेलं असतं. तेलविहिरींच्या नळांच्या आट्यांना लावायचं जुनं प्रमाणित ग्रीस घ्या: वजनात ३०.५ टक्के शिशाची पूड, १२.२ टक्के जस्त, ३.३ टक्के तांबं, १८ टक्के ग्राफाइट आणि उरलेलं ३६ टक्के साधं ग्रीस. म्हणजे ग्रीसच्या डब्यात एक तृतीयांशाच्या जवळपास शिसं. अशा डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हात घालू नये. आपल्याकडचे जुने प्लंबर नळाच्या आट्यांना शेंदूर लावत, तोही शिशाचाच ऑक्साइड. बारशाला-जत्रेला लहान मुलाच्या कपाळावर खरा शेंदूर फासू नये, हेही जाता जाता सांगून टाकतो. देवाला चालतो म्हणून बाळाला चालतो असं नाही.

इंजिनातलं जळकं ऑइलही याच जातीचं. सरकारला ते कळतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत, पुन्हा शुद्ध करायला पाठवायच्या तेलात शिसं दशलक्ष भागांत १०० भागांच्या वर नको, आर्सेनिक ५ च्या वर नको, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल मिळून ५०० च्या वर नको, असं लिहून ठेवलंय. तेलाची लायकी कायदा धातू मोजून ठरवतो. आणि आपण ते ऑइल कुठं वापरतो? सेंट्रिंगच्या पाट्यांना. चौकटीला वाळवी लागू नये म्हणून. अंगणातली धूळ बसावी म्हणून. गोठ्यातल्या जनावराला खरूज झाली तर तिथं. जनावर अंग चाटतं हो, आणि आपण त्याचं दूध पितो.

रसवंतीवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना या यादीत का ओढलं, ते आता लक्षात आलं असेल. चरकाचे दाते आणि बुश रसाच्या वरच्या अंगाला, आणि त्यांतून गळणारं काळं ग्रीस रसाच्या पन्हाळीकडं. गिऱ्हाईकाला ग्लासात काळा ठिपका दिसला तर ते ग्लास परत करतं. ठिपका नाही दिसला तर आनंदानं पितं. बुशाखाली एक पत्र्याची पन्हाळ बसवा, गळणारं ग्रीस बाजूला जाऊ द्या, आणि खाण्याच्या यंत्रांसाठी वेगळं ग्रीस मिळतं ते मागून घ्या. महाग आहे, पण चरकाला असं लागतं किती? गिरणीचं सांगायचं तर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम आशियात, वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी गावात घरंच्या घरं शिशानं आजारी पडली. पाणी तपासलं, भांडी तपासली. शेवटी दोष निघाला पिठात. गिरणीच्या दगडात दांडा घट्ट बसावा म्हणून फटीत शिसं ओतलेलं होतं आणि दगड फिरेल तसं ते झिजून पिठात उतरत होतं. पिठात ग्रीसचा डाग असता तर पहिल्याच बाईनं डबा गिरणीवाल्याच्या तोंडावर मारला असता. आपल्याकडं कुणी दगडाची फट शिसं ओतून बुजवत असेल, तर आजच ते काम थांबवा.

जड धातू पुष्कळ आहेत. मिनामाताचा पारा जगाला ठाऊक आहे, क्रोमियम आणि कॅडमियमचे मुलाम्याचे कारखाने आपल्याही औद्योगिक वसाहतींत आहेत. मी शिशावरच बोलतोय, कारण ते कारखान्याच्या कुंपणात राहिलेलं नाही. ते जिन्याखाली इन्व्हर्टरच्या शेजारी आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास बॅटऱ्यांत जातं. इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात. त्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं. ती संपली की तिचा भाव होतो आणि भाव होतो म्हणून भांडण होतं. परवानाधारक दुकानदार एक किंमत देतो, दारावरचा भंगारवाला दोनशे-चारशे रुपये वर देतो. त्याला ते परवडतं कसं? तो ॲसिड गटारात ओततो, प्लास्टिकचं खोकं कुऱ्हाडीनं फोडतो आणि प्लेटा उघड्यावर भट्टीत वितळवतो. धूर गाळायचं यंत्र नाही, कर नाही, कामगाराच्या रक्ताची तपासणी नाही. त्या वरच्या चारशे रुपयांत शेजारच्या वस्तीतल्या पोरांची हाडं आहेत. हे कडू लागलं तर लागू दे.

सेनेगालमध्ये डाकार शहराच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथं बॅटऱ्या फोडण्याचा धंदा बरीच वर्षं चालला होता, शिसं वाळूत मुरलं होतं. भाव चढला तशा बायका ती वाळू चाळून शिशाचे कण वेचायला लागल्या, पाठीला बांधलेल्या बाळासकट. वाळूची पोती घरात आणून ठेवली. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथली १८ मुलं दगावली. कारखान्याचा स्फोट नाही, वायुगळती नाही. नुसती धूळ.

आणि आपण? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं २०२० साली जो अंदाज मांडला, त्यात रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असलेली मुलं भारतात साडेसत्तावीस कोटींच्या घरात होती. जगात ती ८० कोटींपर्यंत. म्हणजे त्यांतलं दर तिसरं पोर आपलं. शिशाचं पेट्रोल आपण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद केलं, ते बरोबरच झालं. उरलेलं काम मात्र सरकारी फतव्यानं एका तारखेला होणारं नाही. ते गाळ्यागाळ्यात करावं लागेल.

तर आता कामाचं. गॅरेजवाल्यांनो, पाऊस यायच्या आत जळक्या ऑइलचे डबे छपराखाली, पक्क्या जमिनीवर, झाकण लावून ठेवा. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल मिसळू नका. भेसळ झालेलं तेल शुद्ध करणारा घेत नाही आणि मग ते वीटभट्टीच्या वाटेला लागतं. हबमधून काढलेलं काळं ग्रीस वेगळ्या डब्यात. पुसायचं वेस्ट आणि तेल प्यायलेला भुसा वेगळ्या पोत्यात, आणि थंडीच्या दिवसांतही ते शेकोटीत घालायचं नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेलाच माणूस हे न्यायला येऊ दे, त्याची पावती घ्या. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल परत गोळा करण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. तुमच्या वितरकाला विचारा, ‘तुमची गाडी कधी येणार?’ चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं बहुतेक शिशाची असतात. ती रस्त्यावर टाकू नका, पोरं ती वेचून खेळतात. एका डब्यात जमवून बॅटरीच्या भंगाराबरोबर द्या. आणि हात पेट्रोलनं धुणं सोडा. पेट्रोल ग्रीस काढतं, त्याबरोबर कातडीचं तेलही काढतं आणि भेगा पाडतं. हाताला आधी थोडं गोडं तेल किंवा खोबरेल चोळा, ग्रीस सुटतं, मग साबण.

बॅटरीवाल्यांनो, भंगारवाल्यांनो, तुमच्याकडं हात जोडून मागणं आहे. बॅटरी फोडू नका. ॲसिड काढून ‘सुकी’ विकू नका. त्या ॲसिडात शिसं उतरलेलं असतं. ती जशी आहे तशी, उभी, झाकणं लावून ठेवा आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्याच्या माणसालाच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी कंपन्यांना जुन्या बॅटऱ्या परत घ्यायला बांधलंय, त्या साखळीत शिरा. ॲसिड सांडलंच तर चुना किंवा खायचा सोडा टाकून भरून घ्या, पाणी मारून गटारात लोटू नका. गाळा केरसुणीनं झाडू नका. झाडल्यानं धूळ उडते आणि नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडक्याचं पाणी बादलीत बसू द्या, तळचा गाळ भंगारात जमा करा. रिकाम्या पोटी कामाला बसू नका, पोट रिकामं असताना शिसं जास्त लागतं. तंबाखू सुटत नसेल तर निदान गाळ्यात मळू नका. हे म्हणणं किती तोकडं आहे ते मला कळतं, पण जेवढं होईल तेवढं.

घरच्यांसाठी. ताई, वहिनी, बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावरून आलेला माणूस दारातच कपडे काढू दे. ते झटकू नका, बाळाच्या कपड्यांबरोबर भिजवू नका, बादलीसुद्धा वेगळी ठेवा. आंघोळ झाल्याशिवाय त्यानं पोराला उचलून घ्यायचं नाही, पोरानं कितीही हात पुढं केले तरी. कामाच्या चपला उंबऱ्याबाहेर. घर पुसून घ्यायचं, विशेषतः रांगतं मूल असेल तर. मुलांच्या जेवणात नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्यं नेमानं असू द्यात; लोह आणि कॅल्शियम पोटात असलं की शिशाला जागा कमी मिळते. आणि घरामागच्या पडवीत बॅटरी फोडायचं काम चालत असेल, तर ते काम घरातून बाहेर गेलंच पाहिजे. त्याला दुसरा उपाय नाही.

ज्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही, त्यांचा इन्व्हर्टरशी आहेच. जिन्याखालची मेलेली बॅटरी या आठवड्यात काढा. नवी घेतलेल्या दुकानदाराकडं ती द्या, बिलावर जुनी परत घेतल्याची नोंद करून घ्या. चारशे रुपये कमी मिळतील.

डॉक्टरमंडळींना एक विचारणं आहे. उद्यमनगराच्या, औद्योगिक वसाहतीच्या आसपास तुमचा दवाखाना असेल आणि एखादं फिकट, किरकिरं पोर पोटदुखी घेऊन आलं, तर जंताचं औषध आणि लोहाची गोळी लिहिण्याआधी ‘घरात कोण काय काम करतं?’ एवढं विचारा. संशय आला तर शिरेतलं रक्त काढून शिशाची तपासणी करायला पाठवा. आकडा जास्त निघाला तर पहिलं औषध म्हणजे शिशाची वाट बंद करणं. ते शरीरातून ओढून काढायची औषधं आहेत, पण ती फार चढलेल्या आकड्याला आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. रोग्यांनी आपल्या मनानं कुणाचं भस्म घेऊ नये. नागभस्म तर शिशापासूनच करतात. कारखान्यातला कामगार असेल तर शिशाची विषबाधा कळवणं कायद्यानं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेवढी चिठ्ठी लिहायचा कंटाळा करू नका.

राहिले गाळ्यांचे मालक. अठरा वर्षांखालचं पोर या कामाला ठेवू नका. कायद्यानं तो गुन्हा आहेच. जे मोठे हेल्पर प्लेटा हाताळतात, शिसं वितळवतात, त्या सगळ्यांची रक्ततपासणी पावसाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा करून घ्या. दोन्ही कागद दुकानात जपून ठेवा, म्हणजे आकडा चढतोय की उतरतोय ते कळेल. ज्याचा चढला असेल त्याला काढून टाकू नका, प्लेटांपासून हलवून दुसऱ्या कामाला लावा. आणि तपासणीचा खर्च त्याच्या पगारातून कापू नका.